बेदाण्याच्या मुलखातलं ऊन

द्राक्षांचा मुलूख बघायचाय, कुठं जाऊ, असं कुणी विचारलं की आपल्याकडं एकच उत्तर मिळतं, नाशिक. उत्तर बरोबरच आहे. पण आम्हा सातारकरांच्या उशाला सांगली जिल्ह्यातला दुसरा एक द्राक्षांचा मुलूख आहे आणि तिकडं हौसेनं कुणी फारसं फिरकत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. साताऱ्याहून मिरजेकडं जाणारी गाडी धरायची, कराड मागं टाकायचं आणि किर्लोस्करवाडीला उतरायचं. तिथून पलूस जवळच, आणि पलूसच्या पुढं तासगाव. फेब्रुवारी सरता सरता किंवा मार्च लागल्या लागल्या जावं. तेव्हा तिथलं ऊन कामाला जुंपलेलं असतं.

माझी आत्या तासगाव तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका गावात दिलेली. त्यामुळे हा रस्ता माझ्या पायाखालचा. तरी दर वेळी गाडीनं शेणोली ओलांडली की मी खिडकीशी सरकते. याच शेणोलीजवळ 7 जून 1943 रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं इंग्रज सरकारची पगाराची रक्कम घेऊन जाणारी गाडी लुटली होती. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या त्या प्रतिसरकारचं केंद्र असलेलं, जी. डी. बापू लाडांचं कुंडल इथून फार लांब नाही. पुढं किर्लोस्करवाडी. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या निवडुंगानं भरलेल्या माळावर कारखाना काढला आणि लोखंडी नांगर बनवले. आणि कुंडलच्याच बाजूला सागरेश्वरचे डोंगर आहेत. एकेकाळी हे उघडेबोडके डोंगर. धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, गावोगावच्या लोकांनी झाडं लावली, हरणं आणून सोडली, आणि 1985 साली ते अभयारण्य झालं. माणसांनी हातानं उभं केलेलं जंगल.

हे सगळं एकाच पट्ट्यात आहे. माळ दिसला की त्यावर काहीतरी उभं करायचं, ही या भागाची जुनी ओढ. द्राक्षबागा मला त्याच ओढीचा भाग वाटतात.

कृष्णाकाठची काळी जमीन उसाची. भिलवडी, अंकलखोप, औदुंबर या बाजूला नजर जाईल तिथवर ऊसच. औदुंबरला दत्ताच्या पादुकांचं दर्शन घेऊन घाटावर बसलं की वाटतं, या जिल्ह्यात पाण्याला तोटा नसावा. पण नदी सोडून पूर्वेला निघा. तासगाव, सावळज, मणेराजुरी, पुढं कवठेमहांकाळ, जत. माती फिकट होत जाते, मुरूम वर येतो, बाभळी खुरट्या होतात. आमच्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथं उगम पावणाऱ्या कृष्णेच्याच खोऱ्यातल्या या पूर्व भागात जेमतेम 500 च्या आसपास. तेही ढगांची मर्जी असेल तर. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजना येण्याआधीचे उन्हाळे आत्यानं मला सांगितले आहेत. टँकरनं पाणी आणून बागा जगवल्या. घरात प्यायला घागर मोजून आणि वेलाच्या बुडाशी मात्र पाणी. दागिने मोडून टँकर आणणारी घरं तिच्या गल्लीत आहेत. टेंभूची योजना आमच्या कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलते आणि टप्प्याटप्प्यानं चढवत इकडच्या माळांवर आणून सोडते. साताऱ्याजवळच्या संगम माहुलीच्या घाटावरून वाहत गेलेलं पाणी आत्याच्या बागेत ठिबकच्या नळीतून थेंबाथेंबानं पडताना बघते तेव्हा मला या दोन जिल्ह्यांतलं नातं नकाशापेक्षा जास्त कळतं.

द्राक्षाला हाच कोरडेपणा मानवतो. वेलाला पाणी लागतं, पण पाऊस नको असतो. हवा दमट झाली की पानावर डाऊनी, घडावर भुरी, असे बुरशीचे रोग येतात. पिकल्या घडावर पाऊस पडला की मणी तडकतात. म्हणून इथला द्राक्षवाला आभाळाकडं बघतो ते पाऊस यावा म्हणून वर्षातले थोडे दिवस, आणि येऊ नये म्हणून उरलेले सगळे.

आता पलूसची गोष्ट. 2001 साली राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि वाइनसाठी दोन पार्क ठरवले. एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला, दुसरा इथं पलूसला, कृष्णा व्हॅली वाइन पार्क. त्या वर्षांत या भागात एक निराळाच उत्साह होता. कॅबर्ने सोविन्यो, शिराझ, शेनिन ब्लाँ ही वाइनच्या द्राक्षांची नावं पारावर बसलेल्या माणसांच्या तोंडी आली. माझ्या आतेभावानंही एका कारखान्याशी करार करून थोडी बाग वाइनच्या जातीची केली. मग 2008 ची मंदी आली, वाइनचा खप घसरला, कारखान्यांनी माल उचलणं कमी केलं. गावातल्या काहींचे पैसे अडकले. ठिकठिकाणी बागा उपटल्या गेल्या, कुणी त्याच खोडांवर खाण्याच्या जातीचे डोळे भरले, म्हणजे कलमं केली. नाशिक सावरलं, तिथं वाइनभोवती हॉटेलं, सहली, उत्सव उभे राहिले. पलूस-तासगावात तसं झालं नाही.

हे अपयश आहे असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. का, ते आतेभावाच्या एका वाक्यात आहे.

"ताई, खायच्या द्राक्षाला तीन दारं हाईत," तो म्हणाला. "भाव आला तर एक्स्पोर्ट. न्हाई तर मार्केट. ते बी पडलं तर शेड, बेदाण्याला. वाइनच्या द्राक्षाला एकच दार. त्यानं लावून घेतलं की माल येलावरच."

यावर मी बराच विचार केलाय. वाइनचं द्राक्ष लहान, बियांचं, जाड सालीचं. लाल वाइनला रंग आणि तुरटपणा त्या सालीतूनच येतो, म्हणून तिथं सालीला किंमत. पण ते पानात ठेवून कुणी खात नाही आणि वाळवलं तर बिया दाताखाली येतात. म्हणजे ते पीक एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर. शिवाय वाइनच्या द्राक्षात साखर भरताना आंबटपणाही टिकावा लागतो, त्याला रात्री थंड लागतात. इथं मार्च निम्मा झाला की पारा चढतो, रात्रीही वारा कोमट. ते ऊन आंबटपणा जाळून टाकतं. थॉमसनला, माणिक चमनला, सोनाकाला, म्हणजे खाण्याच्या जातींना, मात्र तेच ऊन गोडीच्या टोकाला नेतं. थॉमसनमधून निवडलेली तास-ए-गणेश ही जात तर याच तालुक्याच्या मातीतली. ज्या मुलखानं जगाला एक जात दिली, त्याला द्राक्ष कळत नाही असं कोण म्हणेल?

आणखी एक कारण आहे, ते हिशेबाच्या वहीत सापडत नाही. आत्या माळकरी आहे. आषाढीची वारी तिनं पाय चालत होते तोवर चुकवली नाही. बागेत वाइनची द्राक्षं होती त्या वर्षांत ती बागेत जायची, पण वाइनच्या तुकड्यात पाऊल टाकायची नाही. मुलाला कधी अडवलं नाही, चार शब्द सुनावले नाहीत. नुसती जायची नाही. कलम करून तिथं पुन्हा थॉमसन आल्यावर पहिल्या घडाचा नैवेद्य तिनं विठोबाला दाखवला. वाइन पिणाऱ्यांबद्दल मला आकस नाही. पण एखादं पीक एखाद्या मुलखात रुजतं ते जमिनीच्या मर्जीनं आणि माणसांच्याही, आणि ती दुसरी मर्जी सरकारी धोरणात धरलेली नसते.

बागेत शिरायचं तर सकाळी लवकर. मांडवाखाली वाकून जावं लागतं. वर तारांवर पानांचं छत, त्यातून उन्हाचे कवडसे, आणि डोक्याच्या उंचीवर घडच घड. मण्यात पाणी उतरलेलं असतं, म्हणजे कडक हिरवा मणी मऊ होऊन त्यात उजेड शिरलेला असतो. हात लावला तर मण्यावरची पांढरट लव बोटाला लागते, म्हणून इथं कुणी घडाला उगाच हात लावत नाही. पाहुण्यालाही आधी तेच सांगतात.

असा एक घड हाताशी यायला वर्षभर माणसं खपतात. एप्रिलात खरड छाटणी, म्हणजे वेल जवळजवळ बोडका करायचा. मग नव्या काड्या वाढवायच्या, शेंडे मारायचे, बगलफुटी म्हणजे कडेचे फुटवे काढायचे. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, काडीला पेस्ट लावायची म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. घड दिसले की जीएच्या, म्हणजे वाढीच्या संजीवकाच्या, द्रावणात बुडवायचे, मग विरळणी. युरोपातला वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटून घेतो. आपल्याकडं थंडी त्याला झोपवत नाही, म्हणून दोन छाटण्या करून माणसानंच त्याचं वर्ष आखून दिलंय.

विरळणीचं काम बायकांचं. जतकडून, कर्नाटकच्या हद्दीवरून टोळ्या येतात. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात चिमुकली कात्री, मान वर. दिवसभर मान वर. घडातले दाटीचे मणी कापून टाकायचे म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा होते. एका बाईला मी विचारलं, "मावशी, मान दुखत नाही का?" ती म्हणाली, "दुखती की. पण खाली बघितलं की जास्त दुखती." आणि पुन्हा कात्री चालवायला लागली. पुण्या-मुंबईच्या दुकानात आपण जो मोकळा, डौलदार घड उचलतो त्यातला प्रत्येक मणी या बायकांनी ठेवलेला असतो. द्राक्षावर लिहिताना त्यांच्याबद्दल लिहिलं जात नाही, आणि मला वाटतं सगळ्यात आधी तेच लिहायला हवं.

पण या मुलखाचं खरं रूप बागेत कळत नाही, शेडवर कळतं.

तासगावहून मणेराजुरीकडं किंवा सावळजकडं जाणाऱ्या रस्त्याला लागलं की माळावर लांबच लांब सांगाडे दिसायला लागतात. लोखंडी अँगल, त्यावर छप्पर, बाजूंना हिरवी जाळी. आत एकावर एक जाळीचे मजले, दहा-बारा तरी असतात. त्यावर द्राक्षं पसरलेली. शेड मुद्दाम उघड्या माळावर बांधतात, वारा आरपार जावा म्हणून. ऊन छपरावर पडतं, आत सावली आणि गरम वारा. बेदाणा उन्हात वाळत नाही, उन्हाच्या सावलीत वाळतो. थेट ऊन लागलं तर रंग जातो.

पद्धत अशी. वेलावर साखर पुरेशी भरली की घड तोडून आणायचे. एका पिंपात पाणी, त्यात डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट. क्रेट त्यात बुडवून काढायचे. मण्याच्या सालीवर निसर्गानं दिलेलं मेणाचं कवच असतं, ते या द्रावणानं सैल होतं आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. नाही तर मणी महिनाभर तसाच बसेल आणि काळा पडेल. मग जाळीवर एकेरी थर पसरायचा. बारा ते पंधरा दिवस. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे चारातले तीन भाग पाणी माळावरचा वारा घेऊन जातो. वाळला की झटकायचा, काड्या वेगळ्या करायच्या, धुवायचा, पिवळा रंग हवा असेल तर गंधकाची धुरी द्यायची, मग प्रतवारी. हिरवा, पिवळा, लांब, गोल, आणि सगळ्यात खाली काळा.

शेडच्या आत उभं राहिल्यावर जो वास येतो त्यासाठीच मी दर वर्षी जाते. पहिल्या दोन दिवसांच्या मालाचा वास ताज्या द्राक्षाचा, हिरवट. पाचव्या-सहाव्या दिवसाच्या मालाला काकवीच्या कडेचा. तयार मालाला जवळजवळ मधाचा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालत गेलं तर पंधरा दिवस चालून गेल्यासारखं होतं. आतेवहिनी वरच्या मजल्यावरून चिमूटभर मणी काढून माझ्या हातावर ठेवते. प्रत्येक दिवसाचा एकेक. "खाऊन बघा, वन्सं," म्हणते, "तिसऱ्या दिवसाचा लई गोड लागतो, पण तो टिकत न्हाई." तिचं खरं आहे. तिसऱ्या दिवसाचा मणी बाहेरून सुरकुतलेला आणि आत अजून रसाळ. तो बाजारात कधीच येत नाही. तो खायला इथंच यावं लागतं.

वाइनच्या मुलखात जे पिंपाजवळ घडतं तेच इथं जाळीवर घडतं, एवढं माझं म्हणणं आहे. द्राक्ष फार नाशवंत फळ. ते टिकवायच्या दोन वाटा माणसाला सापडल्या. एक काळोखाची आणि गारव्याची, तळघरातली. दुसरी वाऱ्याची आणि उन्हाची. ज्याच्याकडं जे होतं त्यानं ते वापरलं. तासगावकडं ऊन होतं. आणि ते ऊन किती वेळ, कुठल्या बाजूनं, किती आडोशातून द्यायचं याचं ज्ञान इथल्या साध्या घरांत आहे. जाळीवरचा मणी दोन बोटांत दाबून अजून दोन दिवस लागतील असं सांगणारी माझी वहिनी, पेला हलवून वास घेणाऱ्या जाणकाराइतकीच जाणकार आहे.

मार्च-एप्रिलचा वळीव हा या सगळ्याचा वैरी. दुपारी चारला मिरजेच्या बाजूनं ढग वर आले की गावभर फोन सुरू होतात. प्लास्टिकचे पडदे सोडायला घरातलं लहान-मोठं सगळं धावतं. जाळीवरच्या मालाला ओल लागली की रंग गेला, आणि रंग गेला की भाव गेला. आत्याच्या घरी अशा एका संध्याकाळी मी होते. पडदे बांधून झाले, पाऊस बाजूच्या गावावर गेला, आणि आमचा माल वाचला म्हणून कुणी हसलं नाही. त्या बाजूच्या गावात पाहुणे होते.

तासगावात आलात तर गणपतीला जाच. पटवर्धनांच्या परशुरामभाऊंनी बांधलेलं हे देऊळ. कर्नाटकच्या स्वाऱ्यांत त्यांनी दक्षिणेतली गोपुरं पाहिली आणि तसंच सात मजली गोपुर आपल्या गावात उभं केलं. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी इथला रथ निघतो. तो माणसं दोरानं ओढतात. गोपुराखाली उभं राहून वर बघताना कुठल्या मुलखाचं काय कुठं येऊन रुजतं, याचं मला नवल वाटतं. द्राक्षही इथलं नव्हतंच.

देवळाच्या बाहेर बाजारपेठ, आणि बेदाण्याचे सौदे. एवढा मोठा बेदाण्याचा बाजार देशात क्वचितच असेल. खोक्यांच्या रांगा, त्यातून फिरणारे अडते आणि व्यापारी, मूठ भरून माल तळहातावर घ्यायचा, उजेडाकडं धरायचा, वास घ्यायचा, भाव बोलायचा. या बघण्यात माल खाली सांडतो आणि पायाखाली जातो. शेतकऱ्यांनी या उधळणीविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवलाय, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. वळवापासून वाचवलेला मणी सौद्यात तुडवला जाताना बघणं त्यांना सोसत नाही, मलाही सोसलं नाही. एक रीत मात्र मला फार आवडते. दिवाळीच्या आधी महिनाभर सौदे बंद ठेवतात आणि सगळ्यांची देणी-घेणी चुकती करतात. झिरो पेमेंट म्हणतात त्याला. सण उधारीत जाऊ नये म्हणून अख्खा बाजार थांबतो.

सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हळदीलाही आहे. तरी आमच्या साताऱ्याच्या दुकानात बेदाण्याच्या पुड्यावर गावाचं नाव शोधून सापडत नाही. वाइनच्या बाटलीवर डोंगराचं नाव असतं, दरीचं असतं, साल असतं. सावळजच्या माळावरच्या, अमुक वर्षीच्या, हिरव्या बेदाण्याचं नाव पुड्यावर का नसावं? मी दुकानदाराला विचारत असते. आता तो मला बघितल्यावर आपणहून सांगतो, "मॅडम, तासगावचाच आहे."

परवा निघताना आतेभाऊ बागेतल्या खोडांवरून हात फिरवत उभा होता. माल उतरला होता, पानं पिवळी पडायला लागली होती. मी म्हटलं, आता थोडी विश्रांती. तर म्हणाला, "कसली विश्रांती, ताई. एप्रिलात खरड छाटणी. त्याच्यानंतर दीड-दोन महिन्यात काडीच्या डोळ्यात पुढच्या साली येणारा घड तयार होतोय. बाहेरनं काय दिसत न्हाई. तेव्हा उन्हं कमी पडली, आभाळ राहिलं, की डोळा वांझ." सप्टेंबरात तो काड्या कापून तपासायला नेणार आहे. तिथं डोळा चिरून सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली धरतात आणि आत घड आहे का नाही, कितव्या डोळ्यावर आहे, ते सांगतात. मग त्या हिशेबानं फळछाटणी. "त्या टायमाला ये," म्हणाला, "दुर्बिणीतनं दावतो तुला." मी येते म्हणून सांगितलंय.